अर्धा शेअरपॉइंट कंपनीत, अर्धा क्लाउडवर: ॲप्स कशी लिहायची आणि काय कुठे ठेवायचं

दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या कंपन्यांनी शेअरपॉइंट हा मायक्रोसॉफ्टचा कागदपत्रं आणि अंतर्गत कामकाजाचा प्लॅटफॉर्म बसवला, त्यांच्याकडे तो आज नुसता फाइली ठेवायचा कप्पा राहिलेला नाही. रजेचा अर्ज, खरेदीची मंजुरी, आयएसओची कागदपत्रं, मशीनची ड्रॉइंग्ज, ऑडिटच्या नोंदी असं बरंच काही त्याच्यावर चालतं, आणि त्यातलं पुष्कळसं कधीकाळी एखाद्या व्हेंडरने लिहून दिलेल्या कोडवर. शेअरपॉइंट सर्व्हर २०१३ चा सपोर्ट ११ एप्रिल २०२३ ला संपला. २०१६ आणि २०१९ या दोन्हींसाठी मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ही तारीख दिली. त्यानंतर वाटा दोनच उरतात: नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली सबस्क्रिप्शन एडिशन स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची, किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या शेअरपॉइंट ऑनलाइनवर जायचं.

मोठ्या कंपन्यांना बहुतेक वेळा दोन्ही करावं लागतं. हिशेब आणि खरेदी सांभाळणारी एसएपी यंत्रणा आवारातच आहे, काही डेटा कायद्याने किंवा ग्राहकाच्या कराराने बाहेर नेता येत नाही, काही जुनी ॲप्स लगेच बदलण्यासारखी नाहीत. म्हणून अर्धं इकडे, अर्धं तिकडे. याला हायब्रिड म्हणतात खरं, पण दोन ठिकाणी शेअरपॉइंट असला म्हणजे झालं असं नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली. तीत हायब्रिडची खूण अशी सांगितली आहे: दोन किंवा अधिक यंत्रणा आपापल्या जागी स्वतंत्र, पण डेटा आणि ॲप्स इकडून तिकडे नेता येतील अशा जोडलेल्या. दोन लॉगिन, दोन सर्च आणि दोन हेल्पडेस्क असतील, तर ते हायब्रिड नव्हे, तो दुप्पट व्याप आहे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. शेअरपॉइंटचे सर्व्हर उचलून अझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवले, म्हणजे आपण क्लाउडवर गेलो असं धरलं जातं. तिथे जुना कोड जसाच्या तसा चालतो हे खरं, पण पॅच लावणं, एसक्यूएल डेटाबेस सांभाळणं, बॅकअप घेणं हे सगळं आपल्याच गळ्यात राहतं. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये सर्व्हरला हातच लावता येत नाही. ॲप लिहिणाऱ्यासाठी खरा फरक इथे आहे, आणि म्हणून सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. माणसाची ओळख दोन्हीकडे एकच हवी आणि आपला कोड प्लॅटफॉर्मच्या बाहेर हवा. या दोन गोष्टी आधी झाल्या, तर फाइली कधीही हलवता येतात. फाइली आधी हलवल्या आणि या दोन मागे ठेवल्या, तर एकच काम दोनदा करावं लागतं.

ओळख जुळली नाही तर काहीच जुळत नाही

माणसांची खाती आणि ग्रुप ठेवायला कंपनीत ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते, क्लाउडमध्ये एंट्रा आयडी. दोघांना जोडतो तो एंट्रा कनेक्ट हा सिंक प्रोग्राम. तो ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दर ३० मिनिटांनी खाती आणि ग्रुप वर पाठवतो. पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, मात्र साधारण दर दोन मिनिटांनी जातात. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. गोची होते ती लॉगिनच्या नावात.

जुन्या डोमेनचं नाव अनेक ठिकाणी 'कंपनी डॉट लोकल' असं ठेवलेलं असतं. डॉट लोकल इंटरनेटवर अस्तित्वातच नसल्यामुळे क्लाउड ते नाव स्वीकारत नाही आणि खात्याला 'ऑनमायक्रोसॉफ्ट' असं शेपूट लावून मोकळा होतो. एकाच माणसाचं नाव आता दोन ठिकाणी दोन प्रकारचं झालं. उपाय ठरलेला आहे, फक्त तो क्रमाने करायचा. आधी कंपनीचं खरं, सार्वजनिक डोमेन मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सिद्ध करून घ्यायचं. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तेच डोमेन पर्यायी यूपीएन सफिक्स म्हणून जोडायचं (यूपीएन म्हणजे ईमेलसारखं दिसणारं लॉगिनचं नाव, सफिक्स म्हणजे त्याचा शेवटचा भाग). पाच-दहा खात्यांवर बदल करून लॉगिन, ईमेल, व्हीपीएन तपासायचं, आणि मगच पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट साधनाने सगळ्या खात्यांचा यूपीएन बदलायचा. त्याआधी आयडीफिक्स हे साधन चालवलं, तर डबल ईमेल पत्ते आणि न चालणारी अक्षरं आधीच सापडतात. शेवटी शेअरपॉइंटच्या यूजर प्रोफाइलमध्ये नवा यूपीएन आला का, हे बघायला विसरू नका. सगळ्यात जास्त चूक याच पायरीवर होते.

प्रोफाइलचं एवढं महत्त्व का? क्लाउडकडून एखादी विनंती कंपनीतल्या सर्व्हरकडे आली, की तो सर्व्हर टोकनमधलं, म्हणजे विनंतीसोबतच्या ओळखपत्रातलं, नाव आपल्या प्रोफाइलांत शोधतो: यूपीएन, ईमेल किंवा सिप (कॉल आणि चॅटचा) पत्ता. नेमकी एकच प्रोफाइल सापडली तर काम पुढे जातं. एकही सापडली नाही, किंवा एकाच माणसाच्या दोन सापडल्या, तर ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही' असा नकार, येतो. स्क्रीनवर त्यातलं काही दिसतंच असं नाही. त्या माणसाला सर्चमध्ये 'निकाल नाहीत' एवढंच दिसतं, तो हेल्पडेस्कला फोन करतो आणि हेल्पडेस्क दोन दिवस सर्च दुरुस्त करत बसतो. लग्नानंतर नाव बदललेली, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत बदलून आलेली आणि कंपन्या एकत्र झाल्यावर जोडली गेलेली खाती आधी तपासा. बिघाड बहुतेक तिथेच असतो.

घाईत कुणीतरी क्लाउडमध्ये हाताने खातं उघडून देतो, तेही टाळा. पुढे सिंक चालू झाल्यावर ईमेल पत्ता जुळला नाही, तर त्याच माणसाचं दुसरं खातं तयार होतं. मग टीम्सवरची त्याची जुनी कामं एका खात्यात आणि परवानग्या दुसऱ्यात.

माणसांइतकीच ॲप्सची ओळखही महत्त्वाची. रात्री चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये सर्व्हिस अकाउंटचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणारं मल्टिफॅक्टर लॉगिन सक्तीचं झालं की ती स्क्रिप्ट गप्प बसते. ॲपची एंट्रामध्ये स्वतंत्र नोंद करायची आणि त्याला सर्टिफिकेट द्यायचं, ही आजची पद्धत. इथे एक खाचखळगा आहे: एंट्रामध्ये नोंदवलेल्या ॲपला माणसाशिवाय, स्वतःच्या नावाने शेअरपॉइंटच्या रेस्ट एपीआयला (प्रोग्रामांनी डेटा मागायच्या दाराला) हात लावायचा असेल, तर नुसतं क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, चालत नाही, सर्टिफिकेटच लागतं. ग्राफ हा मायक्रोसॉफ्ट ३६५ चा सामाईक एपीआय सीक्रेटवर चालतो, म्हणून चाचणीत सगळं हिरवं दिसतं आणि एखादं काम रेस्टवर नेलं की नकार येतो. परवानगी देतानाही सगळ्या साइट्सची देऊन टाकू नका. 'साइट्स डॉट सिलेक्टेड' ही परवानगी घेऊन ज्या साइटचं काम तिच्यापुरतीच मुभा द्या. आणि सर्टिफिकेटची मुदत कधी संपते, ते एखाद्याच्या डोक्यात न ठेवता सगळ्यांच्या कॅलेंडरवर ठेवा.

जुना कोड वर का चालत नाही

२००७ आणि २०१० च्या काळात शेअरपॉइंटसाठी ॲप लिहायचं म्हणजे डीएलएल ही कोडची फाइल बनवायची, डब्ल्यूएसपी पॅकेजमध्ये भरायची आणि फार्मवर, म्हणजे शेअरपॉइंटच्या सर्व्हरांच्या गटावर, चढवायची. हा कोड आयआयएस या वेब सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे खुद्द शेअरपॉइंटच्या पोटात चालायचा. त्याला सगळं करता येत होतं, आणि त्याच्या एका चुकीने सगळं बंदही पडत होतं. एका वेब पार्टमध्ये (पानावरच्या छोट्या ॲपच्या चौकटीत) साइटचा ऑब्जेक्ट उघडून तो बंद करायचा राहिला, तर मेमरी हळूहळू भरत जायची आणि दुपारी अख्ख्या कंपनीचं पोर्टल रेंगाळायचं. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये एकाच यंत्रणेवर हजारो कंपन्या नांदतात. भाड्याच्या इमारतीत एका बिऱ्हाडाला सगळ्यांचा नळ तोडता येत नाही, तसं तिथे कुणाची डीएलएल आत येऊ देणं शक्यच नाही.

गेल्या पंधरा वर्षांचा क्रम पाहिला, तर दिशा स्पष्ट आहे. २०१० मध्ये सँडबॉक्स आला: कोड आतच, पण कुंपणात. २०१६ मध्ये क्लाउडवरच्या सँडबॉक्समधला कोड बंद केला गेला. २०१३ मध्ये ॲड-इन आले: कोड दुसऱ्या सर्व्हरवर, पान मात्र आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानात. क्लाउडवर त्यांचीही अखेर मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ला ठरवली, आणि २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंचीही तीच तारीख. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला शेअरपॉइंट फ्रेमवर्क सरळ ब्राउझरमध्ये चालतो. प्रत्येक टप्प्यावर आपला कोड प्लॅटफॉर्मपासून आणखी दूर ढकलला गेला आहे. म्हणून आज नवं ॲप कंपनीतल्या सर्व्हरसाठीच लिहायचं असलं, तरी ते डब्ल्यूएसपीत लिहू नका. उद्या ते वर न्यायचं नाही असं आज कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी.

कशाच्या जागी काय, हे थोडक्यात: वेब पार्टच्या जागी शेअरपॉइंट फ्रेमवर्क. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या टायमर जॉबच्या जागी अझ्युर फंक्शन (क्लाउडमध्ये गरजेपुरता चालणारा छोटा प्रोग्राम), किंवा कंपनीतल्याच एखाद्या सर्व्हरवर टास्क शेड्युलरने चालणारा प्रोग्राम. मास्टर पेजमध्ये, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्यात, केलेल्या फेरफारांना मॉडर्न पानांवर जागाच नाही. वरची पट्टी आणि खालची पट्टी ॲप्लिकेशन कस्टमायझरने घालता येते, बाकी हट्ट सोडावा. तासन् तास चालणारा टायमर जॉब जसाच्या तसा अझ्युर फंक्शनमध्ये टाकला, तर वापरागणिक पैसे घेणाऱ्या कन्झम्प्शन प्लॅनवर तो ५ मिनिटांत कापला जातो. सेटिंग वाढवूनही १० मिनिटांच्या पुढे जाता येत नाही. काम रांगेतल्या छोट्या तुकड्यांत वाटावं लागतं.

वर्कफ्लोच्या जागी पॉवर ऑटोमेट येतं, पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. पॉवर ऑटोमेटची एक धाव जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहते. जुना वर्कफ्लो साहेबांच्या सहीची तीन महिने वाट बघत बसायचा, हा एकतिसाव्या दिवशी मरतो. म्हणून मंजुरीची स्थिती यादीत लिहून ठेवा, आणि दर काही दिवसांनी नवी धाव सुरू होऊन स्मरणपत्र पाठवेल अशी रचना करा. दुसरं, इन्फोपाथ या जुन्या फॉर्म-साधनाच्या जागी पॉवर ॲप्सचा फॉर्म केला, तर डेलिगेशन न होणाऱ्या, म्हणजे शेअरपॉइंटकडे न सोपवता येणाऱ्या, फिल्टरला पहिल्या ५०० ओळीच दिसतात. हा आकडा सेटिंगमधून २,००० पर्यंतच जातो. मोठ्या यादीतली जुनी नोंद 'सापडली नाही' असं फॉर्म सांगतो, तेव्हा ती नोंद तिथेच असते. चाचणीच्या यादीत वीस ओळी असतात, त्यामुळे हे प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत लक्षात येत नाही.

इव्हेंट रिसीव्हर: जिथे सरळ पर्याय नाही

इव्हेंट रिसीव्हर म्हणजे यादीत काही घडलं की आपोआप चालणारा कोड. सर्वात जास्त विचार मागणारी गोष्ट हीच. समजा खरेदी मागणीची यादी आहे. जुन्या इव्हेंट रिसीव्हरमध्ये नोंद सेव्ह होण्याआधीच एसएपीत विभागाचं शिल्लक बजेट तपासलं जायचं, आणि रक्कम जास्त असली तर सेव्हच होऊ दिलं जायचं नाही. क्लाउडवर त्याच्या जागी वेबहूक आहे, आणि वेबहूक नोंद सेव्ह झाल्यानंतरच कळवतो. आधी अडवायची सोय त्यात नाही.

मग पहिली तपासणी फॉर्ममध्ये आणायची: सेव्ह दाबल्यावर फॉर्म आपल्या एपीआयला विचारतो आणि नकार आला तर थांबतो. पण एवढ्यावर विसंबून चालत नाही. कुणी ग्रिडमध्ये सरळ टाइप करेल, कुणी एक्सेलमधून चिकटवेल, फॉर्मला वळसा पडेल. म्हणून प्रत्येक नवी नोंद 'तपासणीत' या स्थितीतच जन्माला यायला हवी, आणि मान्य झाल्याची नोंद फक्त ॲपच्या ओळखीनेच होऊ शकेल असं बघायला हवं. शेअरपॉइंटमध्ये एका कॉलमपुरती परवानगी देता येत नाही, त्यामुळे मान्यतेची स्थिती वेगळ्या यादीत ठेवा. त्या यादीवर लोकांना फक्त वाचायची परवानगी आणि ॲपला लिहायची. पुढचं खरेदीचं काम त्या दुसऱ्या यादीवरूनच चालू होऊ द्या.

वेबहूक स्वतः कसा चालतो, तेही समजून घ्यायला हवं, कारण त्याच्याबद्दलच्या अपेक्षा बहुधा चुकीच्या असतात. यादीत काही बदललं की शेअरपॉइंट आपल्या पत्त्यावर निरोप धाडतो. त्या निरोपात साइट आणि यादी असते. कोणती नोंद बदलली, हे नसतं. आपल्या कोडने ५ सेकंदांच्या आत 'मिळालं' असं उत्तर द्यायचं. ते नाही दिलं, तर शेअरपॉइंट पाच-पाच मिनिटांच्या अंतराने पुन्हा पाच वेळा प्रयत्न करतो आणि मग तो निरोप सोडून देतो. म्हणून एसएपीला विचारणं वगैरे काम तिथेच करत बसू नका. निरोप रांगेत टाका आणि लगेच उत्तर द्या. रांगेवरचा दुसरा प्रोग्राम मागच्या वेळी जपून ठेवलेलं चेंज टोकन (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) देऊन 'तेव्हापासून काय बदललं' असं यादीला विचारतो, कामं उरकतो आणि नवं टोकन जपतो.

एकाच मिनिटात दोन निरोप आले आणि दोन प्रोग्रामनी एकच टोकन वाचलं, तर एकाच मागणीवर दोनदा प्रक्रिया होते. म्हणून एका यादीचं काम एका वेळी एकानेच करायचं, असं कुलूप घाला. वेबहूकची वर्गणी, म्हणजे निरोप मिळण्यासाठीची नोंदणी, जास्तीत जास्त १८० दिवसांची असते. तिचं नूतनीकरण करणारा छोटा जॉब पहिल्याच दिवशी लिहून ठेवला नाही, तर सहा महिन्यांनी मंजुऱ्या बिनबोभाट थांबतात. बदलांची नोंद शेअरपॉइंट ६० दिवस ठेवतो. त्याहून जुनं टोकन दिलं तर चूक येते, आणि मग सगळी यादी एकदा पडताळून घ्यावी लागते. तो पडताळणीचा कोडही आधीच तयार असू द्या.

कंपनीतल्या सर्व्हरवर इव्हेंट रिसीव्हर तूर्त ठेवला तरी चालेल. फक्त त्याच्याकडचं काम काढून घ्या: त्याने रांगेत एक निरोप टाकावा, बाकी सगळं रांगेपलीकडच्या प्रोग्रामने करावं. तो प्रोग्राम दोन्ही बाजूंना एकच राहतो, आणि यादी वर गेली त्या दिवशी फक्त निरोप टाकणारा बदलतो.

एकच वेब पार्ट दोन्हीकडे

शेअरपॉइंट फ्रेमवर्कची आवृत्ती सर्व्हरनुसार अडकलेली आहे. २०१६ वर, तेही फीचर पॅक २ असेल तरच, १.१.० चालते. २०१९ वर १.४.१, सबस्क्रिप्शन एडिशनवर १.५.१. क्लाउड मात्र पुढे धावत राहतो. दोन्हीकडे एकच पॅकेज हवं, तर सर्वांत जुन्या आवृत्तीवर बांधायला लागतं, कारण जुनं पॅकेज क्लाउडवर चालतं, नवं पॅकेज जुन्या सर्व्हरवर चालत नाही. याची किंमत मोजावी लागते. या जुन्या आवृत्त्या नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या ८ पर्यंतच्या आवृत्तीवर बिल्ड होतात आणि स्क्रीन बनवायला रिॲक्ट १५ ही लायब्ररी वापरतात, म्हणजे तिच्यात नंतर आलेली हुक्स ही सोय विसरा. लॅपटॉपवर नोडच्या आवृत्त्यांची खिचडी करण्यापेक्षा बिल्डसाठी स्वतंत्र कंटेनर ठेवलेला बरा. आणखी एक: जावास्क्रिप्टच्या फाइली पॅकेजच्या आतच भरायची सोय १.४ पासून आहे. २०१६ साठी त्या वेगळ्या लायब्ररीत किंवा सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांवर) ठेवाव्या लागतात.

आमचं मत असं: दिसणारा भाग दोनदा बिल्ड करायला लागला तरी चालेल, डेटा आणणारा भाग मात्र एका थरात बंद करा. मायक्रोसॉफ्ट ग्राफ कंपनीतल्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही. शेअरपॉइंटचा रेस्ट एपीआय दोन्हीकडे आहे. वेब पार्टने 'मागण्या आण' एवढंच म्हणावं. त्या कुठून आणि कोणत्या एपीआयने आणायच्या, हे त्या थराने सेटिंग बघून ठरवावं. साइटचा पत्ता, यादीचा आयडी, टेनंटचं (क्लाउडमधल्या आपल्या कंपनीच्या जागेचं) नाव यांतलं काहीही कोडमध्ये लिहिलेलं नको.

क्लाउडवर गेल्यावर कोडला आणखी एक शिस्त लागते. तिथे ४२९ किंवा ५०३ असं उत्तर येऊ शकतं, म्हणजे 'जरा थांबा'. सोबत किती सेकंद थांबायचं, तेही 'रिट्राय आफ्टर'मध्ये सांगितलेलं असतं. तेवढं थांबा. लगेच पुन्हा विचारलं तर त्या विनंत्याही मोजल्या जातात आणि शिक्षा लांबते. एका वापरकर्त्याच्या नावाने ५ मिनिटांत ३,००० विनंत्या ही मायक्रोसॉफ्टने दिलेली मर्यादा आहे. ऐकायला मोठी वाटते, पण हजार नोंदींच्या यादीत प्रत्येक नोंदीसाठी तीन वेगळ्या विनंत्या करणारा लूप ती एका धावेत संपवतो. बॅचमध्ये बांधून पाठवल्या तरी आतल्या विनंत्या सुट्या मोजल्या जातात. लागणारे कॉलम एकाच विनंतीत मागवणं आणि फक्त बदललेलंच आणणं हाच खरा उपाय.

५,००० नोंदींची मर्यादा अशीच चकवते. कंपनीतल्या सर्व्हरवर ॲडमिन ती वाढवू शकत होता किंवा रात्री ठरावीक वेळ उठवू शकत होता. क्लाउडवर ती बदलताच येत नाही. हिचं मूळ एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे: साधारण ५,००० कुलुपं झाली की तो एकेका ओळीचं कुलूप सोडून अख्ख्या टेबलालाच कुलूप घालतो, आणि त्याच टेबलावरचे बाकीचे ताटकळतात. यादीत तीन कोटी नोंदी असू शकतात. अडचण एका फिल्टरमध्ये ५,००० हून जास्त नोंदी चाळायची आहे. ज्या कॉलमवर फिल्टर लागणार त्यावर यादी लहान असतानाच इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, घाला.

तार कुठून कुठे

पॉवर ऑटोमेटला कंपनीतल्या एसक्यूएल किंवा शेअरपॉइंटपर्यंत पोचायचं, तर ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे हा आवारात बसवायचा दुवा लागतो. तो आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारा दरवाजा उघडावा लागत नाही. त्याला डोमेन कंट्रोलरवर बसवू नका, कुणाच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. दोन वेगळ्या मशीनवर बसवून क्लस्टर करा आणि रिकव्हरी की तिजोरीत ठेवा. ती हरवली तर गेटवे दुसऱ्या मशीनवर उभा करता येत नाही. मायक्रोसॉफ्ट त्याच्या शेवटच्या सहा मासिक आवृत्त्यांनाच सपोर्ट देतो, म्हणजे वर्षभर न पाहिलेला गेटवे बिनसपोर्टचा असतो. आणि फ्लो असोत वा गेटवे, मालकी एकट्या माणसाच्या खात्यावर नको. तो नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं, की त्याच्या मागोमाग मंजुऱ्याही बंद पडतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत लागते. जुन्या विंडोज सर्व्हरवरचे डॉट नेट प्रोग्राम ती आपणहून वापरत नाहीत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, 'स्ट्राँग क्रिप्टो'ची नोंद करावी लागते, ३२ आणि ६४ बिट दोन्ही जागी. घरून काम करणाऱ्याची टीम्स आणि शेअरपॉइंटची सगळी वाहतूक व्हीपीएनने आधी मुख्यालयात आणून मग बाहेर काढणं हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. ती सरळ इंटरनेटवर सोडा, आतल्या सर्व्हरची तेवढी व्हीपीएनमधून.

एकच सर्च, पण काय वर जातं ते ठरवून

लोकांना हायब्रिड खरं जाणवतं ते सर्चमध्ये. क्लाउड हायब्रिड सर्चमध्ये कंपनीतला सर्व्हर आपल्या फाइली चाळतो आणि इंडेक्स क्लाउडमध्ये पाठवतो. मग एकाच खिडकीत दोन्हीकडचं सापडतं. टेनंटच्या दर १ टीबी साठ्यामागे कंपनीतल्या १० लाख नोंदी इंडेक्स करता येतात. ज्याला फाइल उघडता येत नाही त्याला ती सर्चमध्ये दिसत नाही, पण हे परवानगीचे ग्रुप एंट्रामध्ये सिंक झालेले असतील तरच नीट चालतं. सिंकच्या फिल्टरमधून एखादा ग्रुप सुटला, तर त्यातल्या सगळ्यांना त्या फाइली दिसेनाशा होतात.

फाइल आवारात राहिली तरी तिच्यातला मजकूर इंडेक्ससाठी बाहेर जातो, हे कायद्याच्या विभागाला आधीच सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं, आणि २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत बँकांनी क्लाउड कसा वापरावा हेही घातलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत तर असा डेटा हाताळणाऱ्या सगळ्याच कंपन्या येतात. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नई इथली डेटा सेंटर्स २०१५ पासून आहेत, पण आपला टेनंट भारतात नोंदलेला आहे की दुसऱ्या देशात, हे ॲडमिन सेंटरमध्ये जाऊन प्रत्यक्ष बघा. परदेशी मूळ कंपनीचा टेनंट असेल तर तो बहुधा तिकडे असतो. ज्या साइट्स वर जाऊच नयेत, त्या या क्रॉलमधून, म्हणजे सर्चच्या चाळणीतून, वगळून त्यांच्यासाठी आवारातलाच वेगळा सर्च ठेवा.

आवारातला भाग जबाबदारीतून सुटत नाही

जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंट सर्व्हरवर 'टूलशेल' नावाने ओळखला गेलेला हल्ला झाला. २०१६, २०१९ आणि सबस्क्रिप्शन एडिशन तिन्ही त्यात सापडले, शेअरपॉइंट ऑनलाइन सापडला नाही. हल्लेखोर सर्व्हरवर एक छोटं एएसपीएक्स पान टाकून मशीन कीज चोरत होते. या कीजनी पानाच्या व्ह्यूस्टेटवर, म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्यात फिरणाऱ्या डेटावर, सही होते. त्या हातात असल्या, की पॅच लावल्यानंतरही खोटी सही करून आत येता येतं. म्हणून नुसता पॅच पुरत नव्हता: पॅच, मग मशीन कीज बदलणं, मग सगळ्या सर्व्हरवर आयआयएस रीस्टार्ट. एम्सी ही शेअरपॉइंटला अँटिव्हायरसशी जोडणारी सोय चालू ठेवायची. जो सर्व्हर क्लाउडशी विश्वासाने जोडलेला आहे, तो सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नये. क्लाउड हायब्रिड सर्चला तशी गरजही नाही, त्याला बाहेर जाणारा ४४३ पोर्ट पुरतो.

फाइली हलवताना

आता फाइली. शेअरपॉइंट मायग्रेशन टूल फुकट आहे आणि त्यातलं स्कॅन आधी चालवायचं. त्यात ज्या अडचणी हमखास निघतात त्या अशा: चेक-आउट करून कधीच चेक-इन न केलेल्या फाइली, ज्या त्यांच्या मालकाशिवाय कुणाला दिसत नाहीत. प्रत्येक नोंदीवर वेगळी परवानगी, जिची मर्यादा एका यादीत ५०,००० असली तरी ५,००० च्या आत ठेवणंच बरं. आणि ४०० अक्षरांहून लांब पाथ. शेवटची अडचण मराठीत नावं ठेवणाऱ्या कार्यालयांत वेगळं रूप घेते. 'कि' हे दिसायला एक असलं तरी मोजताना क आणि वेलांटी अशी दोन अक्षरं धरली जातात. शिवाय तीच लिंक कॉपी केली की प्रत्येक देवनागरी अक्षराची नऊ चिन्हं होतात. पाच फोल्डर आत असलेल्या फाइलची ती लिंक ईमेलमध्ये मध्येच तुटते. मराठी नावं जरूर ठेवा, फोल्डरची खोली कमी करा.

खात्यांची जुळणी आधी झालेली असेल, तर 'कोणी बदललं, कधी बदललं' हे फाइलीबरोबर वर जातं. नसेल तर मूळ माणसाचं नाव हरवतं, आणि ऑडिटरला नेमकं तेच हवं असतं. पहिली मोठी फेरी लोक काम करत असताना होऊ द्या, नंतर फक्त बदललेल्या फाइलींच्या फेऱ्या घ्या, आणि शेवटच्या फेरीआधी जुनी साइट फक्त वाचण्यापुरती करा. फेऱ्या रात्री आणि शनिवार-रविवारी ठेवल्या की ४२९ कमी येतात.

जुनी साइट लगेच पुसू नका. निदान एक तिमाही अखेर आणि एक वर्षअखेर जाऊ द्या, कारण काही एक्सेल फाइली आणि मॅक्रो वर्षातून एकदाच उघडले जातात आणि त्यांच्यात जुना पत्ता कोरलेला असतो. या काळात आयआयएसचे लॉग दर आठवड्याला चाळा. सर्च क्रॉलरच्या खात्याच्या नोंदी वगळल्यावर जे उरतं, ती अजून न हललेल्या ॲप्सची आणि माणसांची खरी यादी असते. ती रिकामी झाली की कंटेंट डेटाबेस, म्हणजे साइटचा सगळा मजकूर असलेला डेटाबेस, फार्मवरून सोडवा, त्याचा बॅकअप कंपनीच्या दप्तर-जतनाच्या मुदतीपर्यंत ठेवा, आणि तो एखाद्या चाचणी फार्मवर परत जोडून उघडतो का, हे सर्व्हर मोडीत काढण्याआधी एकदा करून बघा.